बाटली खाली ठेव, बायो!

अगो बायो, फोटो पोचले. सगळे मोठे करून करून बघितले. प्रत्येक फोटोखाली तुझा एकच प्रश्न : ‘ताई, यावर काय मारू?’ शेवटच्या फोटोत तर बाजारातून आणलेली बाटलीच उभी आहे, लाल त्रिकोणाची. आधी ती बाटली चिंगीचा हात पोचणार नाही अशा फडताळात ठेव, कुलूप लाव, आणि मग निवांत बसून मी काय सांगते ते ऐक.

त्या त्रिकोणाचा रंग बघायची सवय लाव. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. कायद्यानेच हे रंग बाटलीवर छापायला लावलेत, पण विकणाराही बघत नाही आणि घेणाराही नाही. लाल त्रिकोणवालं औषध कढीपत्त्यावर मारायचं आणि चार दिवसांनी तोच कढीपत्ता फोडणीत टाकायचा, हा कुठला हिशेब? शिवाय तू राहतेस देवबागला. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे वाळूची पट्टी. वाळूवर पडलेलं पाणी जाणार कुठे? तुमच्याच विहिरीत. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये झुरळ दिसलं की फुस्स करून फवारा मारायचीस, तो हात अजून तुझा गेलेला नाही. तिथे चालून गेलं. परसात नाही चालणार.

आता फोटो. पहिला कढीपत्त्याचा. पानावर कावळ्या-चिमणीने घाण केल्यासारखं काळं-पांढरं काहीतरी चिकटलंय आणि तू लिहिलंयस, ‘हात लावला तर हललं!’ हलणारच. ती अळी आहे फुलपाखराची, आणि पक्ष्याच्या विष्ठेसारखं दिसणं हाच तिचा बचाव. कुठला पक्षी स्वतःची घाण खायला जाईल? कढीपत्ता, लिंबू, ईडलिंबू, पपनस ही सगळी एकाच कुळातली झाडं, आणि लिंबाचं फुलपाखरू किंवा कॉमन मॉर्मन यांची मादी वास घेत घेत त्यांच्याच कोवळ्या पालवीवर एकेक अंडं ठेवून जाते. अंडं मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं, गोल. अळी कात टाकत मोठी होते आणि शेवटच्या कातीनंतर एकदम हिरवीगार होते. म्हणून तू पाठवलेला दुसरा फोटो, जाड हिरव्या अळीचा, तो दुसऱ्या किड्याचा नाही. त्याच अळीची ती मोठी बहीण समज.

तिला काडीने हलकेच डोक्यामागे टोचून बघ, म्हणजे चिंगीला दाखवायला गंमत होईल. मानेतून नारिंगी-लाल, दोन फाट्यांचं, ओलसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पोरं किंचाळतात. पण ते शिंग टोचत नाही, वासाने अंगाला काही होत नाही. मुंग्या आणि गांधीलमाश्यांना घाबरवण्यापुरताच तो सगळा खेळ. दोन-तीन आठवडे ती खाते, मग एखाद्या काडीला रेशमाचा पट्टा कमरेभोवती बांधून कोष करते. कोष हिरवा असेल तर पानांत, तपकिरी असेल तर काडीवर. मुद्दाम शोधायला गेलीस तर सापडणार नाही, आणि झाडलोट करताना अचानक दिसेल.

झाड खाऊन टाकेल ही भीती सासूबाईंना आहे ना? तुमच्या विहिरीकडचं कढीपत्त्याचं झाड माडाच्या अर्ध्यापर्यंत गेलंय. त्याची चार-दोन डहाळ्यांची पानं गेली तर त्याला कळणारही नाही, उलट छाटणी झाल्यासारखी नवी पालवी फुटते. हां, कुंडीतलं वीतभर रोप असेल तर गोष्ट वेगळी. तिथे दोन अळ्या म्हणजे चार दिवसांत नुसत्या काड्या. अशा वेळी अळी बसलेल्या पानासकट उचल आणि मोठ्या झाडावर नेऊन ठेव. रोपावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांध. झालं काम.

आणि एक सांगते, तुमच्या पपनसावर कधी मोठी थोरली अळी दिसली तर तिला तर बोटसुद्धा लावू देऊ नकोस कुणाला. ती ब्लू मॉर्मनची असू शकते. काळ्याभोर पंखांवर निळी झाक असलेलं ते हाताएवढं फुलपाखरू, ज्याला कुणी राणी पाकोळी म्हणतं, कुणी नीलवंत. 2015 साली महाराष्ट्राने त्याला राज्याचं फुलपाखरू केलं. फुलपाखराला असा मान देणारं आपलं पहिलं राज्य. आंबोलीखालच्या पारपोलीला फुलपाखरांचं गाव म्हणून माणसं लांबून गाड्या करून जातात, आणि आपण आपल्या दारातल्या लिंबावर तीच फुलपाखरं अळीपणीच मारतो. मला हे काही पटत नाही.

आता मुद्द्याचं बोलू. तुला प्रत्येक किड्याचं नाव पाठ करायची गरज नाही. नाव नंतर. आधी तो काय करतोय ते बघ. सकाळी चहाचा कप घेऊन झाडाजवळ बस आणि पाच-दहा मिनिटं नुसती बघत राहा, हात न लावता. पान उलटून बघ, कारण अर्धा संसार पानाच्या पाठीमागे असतो. त्याचं तोंड पानात आहे का? की दुसऱ्या किड्यात? की फुलात? एकाच जागी झुंडीने बसून राहिलेत की एकटाच लगबगीने फिरतोय? पान किंवा रस खाणाऱ्याला पळायची गरज नसते, त्याचं ताट त्याच्या पायाखालीच असतं. शिकारीला मात्र शोधावं लागतं, म्हणून तो सहसा फिरता असतो. याला अपवाद आहेत. प्रार्थना कीटक तासन्‌तास हात जोडून एका जागी बसतो आणि अट्टल शिकारी असतो. पण शंभरातल्या बहुतेक वेळा एवढ्या खुणेवर काम भागतं.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण तुझ्याच चवळीवर आहे. शेंगांच्या देठांना काळा मावा लागलाय तो फोटो. मावा नुकसान करतो, त्यात शंका नाही. रस शोषतो, शेंडे आकसतात, चिकट पाणी गळतं आणि त्यावर काळी बुरशी धरते. पण त्याच फोटोत कोपऱ्यात एक लांबट, करडा-काळा, पिवळे ठिपके असलेला, खरबरीत पाठीचा, सहा पायांचा किडा आहे. लाल गोल करून तू लिहिलंयस, ‘हा सगळ्यांत घाणेरडा, याला आधी मारते.’ अगो, तो तर तुझा राखणदार! लेडीबर्डचं पोर आहे ते. शेतीच्या पुस्तकांत लेडीबर्डला ढालकिडा म्हणतात. मोठेपणी तोच गोल, चकचकीत, नारिंगी-पिवळा, पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला गोजिरा किडा होतो, जो बघून तुम्ही ‘किती गोड’ म्हणता. लहानपणी मात्र चिमुकल्या मगरीसारखा दिसतो, आणि म्हणून मरतो. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते अगदी इथेच.

भिंग असेल तर लाव, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघ. तो माव्यांच्या रांगेत शिरतो, एकाला जबड्यात धरतो, उचलतो, आणि माव्याचे पाय हवेत हलत असताना त्याला चोखून टाकतो. कातडी टाकली की लगेच पुढचा. दिवसाकाठी डझनांनी. मग काही दिवसांनी तो शेपटाकडून पानाला चिकटून, आखडून बसलेला दिसेल, नारिंगी गाठोडं. ते कोष आहे, रोग नव्हे. खरवडू नकोस.

त्याच देठावर आणखी दोघं-तिघं असतात. डोळे नसलेली, पाय नसलेली, अर्धपारदर्शक हिरवट अळी माव्यांमध्ये मान हलवत फिरताना दिसली तर ती सिरफिड माशीची. तिची आई म्हणजे ती मधमाशीसारखी पट्टेवाली माशी, जी फुलासमोर हवेत एका जागी टांगल्यासारखी उभी राहते. मधमाशीचा वेष घेतलेला असतो नुसता. नांगी नाही, काही नाही. आणि पानाखाली केसासारख्या बारीक दांड्यांवर उभी असलेली पांढरी अंडी दिसली, एकेका दांडीवर एकेक, तर ती क्रायसोपा नावाच्या किड्याची. दांड्या कशासाठी? आधी निघालेल्या पोराने शेजारचं अंडं खाऊ नये म्हणून. तसली खादाड पोरं आहेत ती, आणि ती खादाडी आपल्या कामाची. काही मावे फुगून, तपकिरी होऊन, कडक होऊन बसलेले दिसतील. त्यांच्या आत एका सुईच्या टोकाएवढ्या गांधिलीचं पोर वाढतंय. पाठीला गोल भोक दिसलं की समज, पोर बाहेर पडून पुढच्या माव्याकडे गेलं.

आता यावर तू ती बाटली मारलीस तर काय होईल? मावाही मरेल, राखणदारही मरतील. मावा आठ-दहा दिवसांत पुन्हा येतो, कारण त्याची मादी नराशिवायच जिवंत पिल्लं घालते. राखणदार इतक्या लवकर येत नाहीत. मग पुढच्या खेपेला मावा दुप्पट, आणि तू दुकानात आणखी जहाल काही मागायला जाणार. त्यापेक्षा पाण्याची पिचकारी जोरात मार, मावा खाली पडला की बहुतेक पुन्हा वर चढत नाही. फारच झाला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल, ते मिसळावं म्हणून थोडं साबणाचं पाणी, आणि तेही संध्याकाळी, फक्त मावा आहे त्याच शेंड्यांवर. निंबाचं तेलसुद्धा सगळ्या झाडावर उधळायचं नाही, त्याने राखणदारांची पोरंही गारद होतात.

पिठ्या ढेकणाबाबत तर आणखी जपून. जास्वंदीवर पांढरा कापूस धरल्यासारखा दिसतो तोच. त्या कापसात कधी कधी एक जास्त मोठा, लांब पांढऱ्या झिपऱ्यांचा किडा असतो आणि सगळ्यांना वाटतं, हा त्या ढेकणांचा राजा. काडीने ढोस. भरभर चालत सुटला तर तो ढेकूण नव्हेच, तो क्रिप्टोलीमस नावाच्या लेडीबर्डचं पोर, ढेकणांचाच वेष घेऊन ढेकणं खाणारं. 1898 साली कॉफीच्या मळ्यांतल्या किडीसाठी ऑस्ट्रेलियाहून मुद्दाम आणला होता त्याला, आणि आज प्रयोगशाळांत वाढवून शेतकऱ्यांना देतात. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 साली कोइम्बतूरकडे पहिल्यांदा दिसला आणि दक्षिणेतल्या पपयांची वाट लागली. तोही आटोक्यात आला तो 2010 मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या एका बारक्या परजीवी गांधिलीमुळे. औषधांचा पाऊस पाडून नव्हे.

लेडीबर्ड म्हटलं की सगळेच साधू, असं मात्र धरून चालू नकोस. वांग्याच्या पानांची जाळी झालीय ना, फक्त शिरा उरल्यात? तिथे बसलेला ठिपकेवाला भुंगेरा त्याच घराण्यातला, पण घराचं नाव घालवणारा. त्याची पाठ चकचकीत नसते, मळकट असते, बारीक लव असते तिच्यावर, आणि ठिपके भाराभर, अठ्ठावीसपर्यंत. पोरं पिवळी, फांद्या फुटलेल्या काट्यांची. त्यांना हाताने वेच आणि साबणाच्या पाण्यात टाक. वेचण्याएवढीच तुझी वांगी आहेत, पंप कशाला हवा?

अनंताच्या झाडाखाली फरशीवर काळ्या गोळ्या पडतात, वर बघितलं तर काही दिसत नाही, असं लिहिलंयस. नीट बघ, पानाच्या रंगाचीच एक जाडजूड अळी असेल, शेपटीवर उभं शिंग. ते शिंग बघून लोक तिला विषारी ठरवतात. शिंगाने ती कुणाला टोचत नाही. ती मातीत जाऊन कोष करते आणि पुढे पारदर्शक पंखांचा एक पतंग होतो, दिवसाउजेडी फुलासमोर थरथरत उभा राहून लांब सोंड आत घालणारा. लोकांना तो पक्षी वाटतो. तगरीवर आणि कण्हेरीवर त्याचीच चुलत बहीण असते, पुढच्या भागावर दोन निळे डोळे काढलेली. ते डोळेही खोटे. कोषाला जायच्या आधी ती हिरव्याची तपकिरी होते आणि जमिनीवरून सैरावैरा निघते, तेव्हा अंगणात दिसली तर झाडूने मारू नका, एवढं घरच्यांना सांग.

गुलाबाची पानं कातरीने कापल्यासारखी अर्धगोल कापलीत, पण अळी कुठेच नाही, हे कोडं सोपं आहे. ती पानकापी मधमाशी. दोन-चार सेकंदांत पानाचा तुकडा कापते आणि पोटाखाली धरून उडून जाते. खात नाही. एखाद्या पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात त्या तुकड्यांचं अस्तर लावून त्यात पराग भरते, अंडं घालते. पानं थोडी विद्रूप दिसतात, फुलाला काही होत नाही. प्रदर्शनात ठेवायचाय का तुला गुलाब? मग जाऊ दे.

पडवळाच्या मांडवाच्या चिव्यांना भोकं पाडणारा काळा-निळा गुबगुबीत भुंगा, खिडकीच्या चौकटीत मातीची मडकी करणारी कुंभारीण, हे दोघं आपणहून अंगावर येत नाहीत. भुंगा वाळलेल्या बांबूत घर करतो, जिवंत झाडाला लागत नाही, आणि वेलींची फुलं फिरून फिरून फळवतो. कुंभारीण त्या मडक्यात भरते काय, तर तुमच्याच भाजीवरच्या अळ्या, अर्धमेल्या करून, आपल्या पोराला शिदोरी म्हणून. मडकं पोचेऱ्याने फोडायच्या आधी एवढं आठव. सातेरी माश्यांचं पोळं भिंतीच्या बिळात असेल तर तेही राहू दे, भोपळा तुला दुवा देईल.

आता हुमले, त्या झाडावर घरटं करणाऱ्या मुंग्या. हा विषय आपल्याकडे नाजूक, कारण लहानपणी काजूवर चढताना प्रत्येकाने त्यांचा प्रसाद खाल्लेला असतो. चावतात आणि वर आम्ल सोडतात, आग आग होते. त्यामुळे काजूवरचं पानं शिवलेलं घरटं दिसलं की पेटवायचं, ही इथली रीत. पण घरटं कसं शिवतात बघितलंयस कधी? कामकरी मुंग्या रांगेने पानाच्या दोन कडा जवळ ओढून धरतात, आणि दुसऱ्या मुंग्या स्वतःची अळी तोंडात धरून, तिच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने, इकडून तिकडे टाके घालतात. स्वतःचं पोर धोट्यासारखं वापरायचं! आणि हे हुमले काजूवरच्या ढेकण्याला, जो कोवळ्या मोहोराचा आणि पालवीचा रस शोषून त्यांना जाळून टाकतो, त्याला टिकू देत नाहीत. चीनमध्ये संत्र्यांच्या बागांसाठी याच मुंग्यांची घरटी पिशवीतून बाजारात विकायला येत, असं सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात लिहिलंय, इ.स. 304 सालचा म्हणतात तो. दोन झाडांमध्ये बांबू टाकून त्यांना पूलही करून देत.

पण हुमल्यांची बाजू मी डोळे मिटून घेत नाही. त्यांना गोडाचा नाद. मावा, पिठ्या ढेकूण यांचं गोड पाणी चाटायला मिळतं म्हणून त्यांची ते राखण करतात आणि आपल्या लेडीबर्डच्या पोरांना हुसकावून लावतात. म्हणून माझा नियम असा : मागच्या काजूवर असू देत. दारातल्या जास्वंदीवर आणि चिंगीच्या झोपाळ्याच्या आंब्यावर नकोत. तिथली फांदी भल्या पहाटे, ते गारठलेले असताना, कापून काजूकडे टाक. पेटवू नकोस.

पावसातले बाकीचे भिडू चटकन सांगते. गवताच्या आणि तेरड्याच्या काडीवर कुणी थुंकल्यासारखा फेस असतो, तो बोटाने बाजूला सारलास तर आत एक मऊ हिरवट पिल्लू बसलेलं असतं. ऊन आणि मुंग्या लागू नयेत म्हणून ते स्वतःच फेस करतं. मोठेपणी उड्या मारत निघून जातं. मखमली लाल मिरगाचा किडा तर सासूबाई स्वतःच मारू देणार नाहीत. अंगणात गोल गुंडाळणारी वाणी पालापाचोळा कुजवून माती करते. रताळ्याच्या वेलाला आणि किनाऱ्यावरच्या मर्यादवेलीला गोल भोकं पडलेली असतात ना, तिथे पान उलट. सोन्याचा पत्रा ठोकून केल्यासारखा एक चपटा किडा असतो. पोरांना तो काड्यांच्या पेटीत ठेवायचा मोह होतो, पण मेला की सोनं जातं, उरतं तांबूस-तपकिरी टरफल. भोकं पाडतो, पण वेलीचं तो फारसं बिघडवत नाही.

आणि चतुर! गणपती जाऊन नवरात्र येईपर्यंत तुमच्या किनाऱ्यावर संध्याकाळी पिवळट चतुरांचे थवेच्या थवे उडत असतात. चिंगीला त्यांच्या शेपटीला दोरा बांधू देऊ नकोस. ते डास खातात, आणि त्यांची पोरं डबक्यात डासांची पोरं खातात. त्यातले कितीतरी वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. मालदीवात राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं त्यांच्या येण्याच्या नोंदी ठेवून 2009 मध्ये हे मांडलं. बोटाएवढा जीव आणि अरबी समुद्र. देवबागच्या वाळूवर उभं राहून चिंगीला हे सांग, तिचा दोरा आपोआप गळून पडेल.

सगळ्यांनाच गोंजारायला निघू नकोस मात्र. काही जणांपासून लांबच राहायचं, त्यांना मारायचं नसलं तरी. आंब्याच्या पानाच्या मधल्या शिरेवर पिसांसारखे काटे पसरून, पानात मिसळून बसलेली अळी निरुपद्रवी आहे, तिचं एक तपकिरी फुलपाखरू होतं. पण आंबा, केळ, माड यांच्या पानाखाली झुंडीने बसणाऱ्या, पाठीवर निळी रेघ आणि काट्यांचे झुबके असलेल्या पोपटी अळ्या भयंकर झोंबतात. आपल्या डोळ्यांना दोन्ही काटेरीच दिसतात, म्हणून सोपा नियम : काटे किंवा केस दिसले की उघडा हात नाही. झोंबलंच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून काटे ओढून काढा, मग साबणाने धुवा. भेंडीच्या आणि जास्वंदीच्या फुलांत बसून पाकळ्या खाणारे काळे-नारिंगी पट्ट्यांचे हिंगे हाताने चिरडले तर फोड येतात, त्यांना काडीने पाण्यात पाड. आणि रात्री दिव्यावर येणारा, मुंगीसारखा, काळा-तांबडा बारीक किडा मानेवर बसला तर फुंकर मारून उडव, थाप मारू नकोस. चिरडला की भाजल्यासारखा चट्टा उठतो.

माडांचं तू विचारलंस, झावळ्यांखाली पांढरी वर्तुळं आणि वरून काळी काजळी. ती चक्राकार पांढरी माशी, ही खरी कीड, 2016 मध्ये तामिळनाडू-केरळात दिसली आणि तिथून पसरली. पण तिथेही जहाल औषधाचा उपयोग नाही. तिच्या पिल्लांत अंडी घालणारी एन्कार्सिया नावाची गांधील आपोआप मागोमाग आलीय, आणि फवारा बसला की आधी तीच मरते. पाण्याचा जोराचा फवारा, फार तर निंबाचं तेल, बस्स. गेंड्या भुंगा किंवा सोंड्या लागला तर मात्र वेळ दवडू नकोस, त्यासाठी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राला किंवा तुमच्या कृषी सहायकाला विचार. तुझ्या दिरांच्या हापूसच्या कलमांचंही तेच, मोहोरावरच्या तुडतुड्यांचं वेळापत्रक वेगळं, त्यात मी नाक खुपसत नाही. मी बोलतेय ते फक्त परसाचं.

फोटो काढशील तेव्हा तीन काढ. किड्याचा जवळून, तो ज्या पानावर आहे त्याचा, आणि सगळ्या झाडाचा. झाड कळलं की अर्धी ओळख तिथेच पटते. आयनॅचरलिस्ट नावाचं ॲप फोनवर घे, फोटो टाकलास की ते अंदाज सांगतं आणि जाणकार माणसं दुरुस्त करतात. चिंगीला दे ते काम, तिच्या सुट्टीची सोय होईल.

राहिली तुळस. तिची पानं वाकडी होऊन मागे काळे ठिपके पडलेत, तो फोटो मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यातला किडा निरुपद्रवी नाही. जाळीदार पंखांचा तो इवलासा काळपट ढेकूण तुळशीचाच रस पितो, आणि काळे ठिपके ही त्याची घाण. पण तुळशीवर औषध मारायचं कुणाच्या मनातही येऊ नये, रोज पान तोंडात टाकतो आपण तिचं. मंजिऱ्या आणि वाकडे शेंडे सगळे खुडून जाळून टाक, उरलेल्या पानांच्या मागच्या बाजूंवर रोज सकाळी पाण्याचा जोराचा झोत मार, आणि वृंदावनातली माती मोकळी करून जरा शेणखत घाल. कार्तिकाला अजून अवकाश आहे, लग्नापर्यंत ती पुन्हा घोसदार फुटेल. सासूबाई छाटू देत नसतील तर फोन त्यांच्याकडे दे, मी बोलते.